खडेमास्तर आणि तिसरं तोंड

दोर तुटला तेव्हा पाण्यात सहा माणसं होती. पुढे मास्तर, त्यांच्या मागे माझा नवरा, त्याच्या मागे कॉलेजातली चार पोरं. मी काठावर वही घेऊन बसले होते. मास्तर बांबू टेकवत पाणी किती ते ओरडून सांगत होते आणि मी लिहीत होते. गुडघा. मांडी. कंबर. पुन्हा कंबर. मग बांबू खाली गेला तो गेलाच. मास्तरांचा पाय सुटला, सगळ्यांचा भार एकदम दोरावर आला आणि अर्जुनाच्या झाडाच्या मुळीला बांधलेला सणाच्या वाखाचा दोर माझ्या शेजारीच तुटला. वाळकी काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला.

इथून नदी पायी ओलांडता येते, असं वहीत लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं.

मी वही दगडाखाली ठेवली आणि मग पाण्यात उडी टाकली. माणसं बुडत होती आणि हिनं आधी वही ठेवली, असं लोक मला पुढे कितीतरी वर्षं बोलले. खोटं नाही ते. आधी वहीच ठेवली. मास्तरांबरोबर दोन हिवाळे काढले की हात तसाच चालायला लागतो. ते मास्तर कसे होते ते आधी सांगते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. तेव्हा आमचा जिल्हा चांदा आणि गडचिरोली त्यातली तहसील. आम्ही ढिवर, वैनगंगेच्या काठचे. मासोळ्या धरायच्या आणि डोंग्यानं माणसं पलीकडे पोचवायची, हा धंदा. मी चौथी शिकले, कारण शाळा आमच्या घराला लागून होती आणि गुरुजींना मासोळ्या आवडायच्या. ढिवरांच्या मोहल्ल्यात लिहिता येणारी मी एकटी. त्याचा मला ताठा होता. पुढे तोच नडला.

मास्तर पहिल्यांदा आले ते एकटेच, काठाकाठानं, ओठ हलवत. अंगात कोट, डोक्यावर छत्री, कोटाचा डावा खिसा गुडघ्याकडे लोंबलेला. माझ्या सासूनं रामराम केला तर त्यांनी बोलायचं सोडून पंजा दाखवला आणि तसेच पुढे गेले. सासू म्हणाली, "येडं दिसते बिचारं." थोडं पुढे जाऊन ते थांबले, डाव्या खिशातला एक खडा काढून उजव्या खिशात टाकला, मग मागे फिरून सासूसमोर आले आणि नीट हात जोडून म्हणाले, "रामराम. आता बोला."

शंभर पावलांना एक खडा. मोजणी चालू असताना ते कुणाशी बोलत नसत. पाटील असो, पोलीस असो, पंजा वर. गावानं त्याच दिवशी त्यांचं नाव खडेमास्तर ठेवलं. त्यांना ते कळलं होतं आणि चालत होतं.

कुठून आले विचारल्यावर म्हणाले, विद्यापीठात भूगोल शिकवतो. सासूनं विचारलं, "इद्यापीठ? ते कोणतं पीठ होय जी, जवारीचं का तांदळाचं?" मास्तर हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अजून दळलेलं नाही, बाई. दळायचं आहे." सासूला हे उत्तर पटलं. ती त्यांना शेवटपर्यंत पीठवाले मास्तर म्हणायची.

पाऊल सारखं पडावं म्हणून रोज सकाळी एक तास ते दोन्ही घोट्यांना सुतळी बांधून चालत. उनाड गुराला आपण पायबंद घालतो, तसं. विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, मास्तर पळून जाईल म्हणून मास्तरिणीनं बांधून ठेवलं. मास्तरीण होती का नव्हती ते कुणाला माहीत नव्हतं. जातही माहीत नव्हती. आमच्या घरच्या सुकट मासोळ्या ते आनंदानं खात, त्यावरून काही कळेना. आम्ही त्यांच्याच पोरांना विचारलं. तिघांना विचारलं, तिघांनी तीन जाती सांगितल्या.

अस्वलाची गोष्ट माझा नवरा मरेपर्यंत सांगत होता. मोहफुलं पडायचे दिवस. पायवाटेवर मास्तर पुढे, हा सामान घेऊन मागे. वळणावर अस्वल उभं. हा जागीच थांबला. मास्तरांनी सवयीनं पंजा वर केला. मोजणी चालू आहे, नंतर बोलू. अस्वलानं त्यांच्याकडे पाहिलं, नाक फेंदारलं आणि झुडपात निघून गेलं. मास्तर म्हणाले, "त्रेसष्ट," आणि पुढचं पाऊल टाकलं.

पण त्या माणसाला पाण्याची भीती होती. पोहता येत नव्हतं. आमच्या डोंग्यात बसले की दोन्ही काठ धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आंघोळही काठावर बसून तांब्यानं. मी एकदा तोंडावर म्हटलं, पाण्याले एवढे भेता तर पाण्याचं काम काऊन घेतलं? म्हणाले, जे पाण्याला भीत नाहीत ते ओलांडून जातात, लिहून ठेवत नाहीत.

काम होतं ते नद्या-नाल्यांचं. कुठून माणूस पायी पलीकडे जाऊ शकतो, कोणत्या महिन्यात, पाणी किती. सुट्ट्या लागल्या की ते कॉलेजातली कवायत करणारी पोरं घेऊन येत. पोरं खाकी चड्डीत, शहरातली, आणि आमच्या गावांची नावं लिहिताना ती सुधारायची. आमच्याकडे लहान वस्तीला हेटी म्हणतात. एका शहाण्यानं हट्टी लिहिलं. मी डोंग्यातून वाकून पाहिलं आणि म्हटलं, "हट्टी नाई, हेटी. हट्टी तुमी आहा." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, लिहिता येतं? त्या दिवसापासून वही माझ्याकडे आली. सासूनं कटकट केली, तेव्हा मास्तर म्हणाले, नवऱ्यालाही घेऊ बरोबर, सामान उचलायला माणूस पाहिजेच. असं आमचं दोघांचं त्या कामात येणं झालं. त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलं नाही. चुकलं की मात्र लगेच सांगत.

गावात मालगुजार होता, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणारा जमीनदार. मालगुजारी गेली होती, ऐट राहिली होती. त्यानं एकदा चारचौघांत मास्तरांना धरलं.

"मास्तर, लढाई तिकडं सरहद्दीवर होते. तुमी इथी नाल्याचं पाणी मोजून राह्यले. यानं देश राखल्या जाते का?"

"अंधारात तुमच्या घरात पाण्याचा घडा कुठं आहे, सांगता येईल?" मास्तरांनी विचारलं.

"माह्या घरातला मले नाई सांगता येणार का?"

"म्हणून ते घर तुमचं. चोराला सांगता येत नाही. देश आपला झाला म्हणतो आपण, आणि घडा कुठं आहे ते अजून इंग्रजाच्या कागदात शोधतो."

मालगुजार म्हणाला, "घडा त मास्तर, बायको भरते." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, बरोबर बोललात, बाईला विचारलं पाहिजे.

तिथून त्यांचा तीन तोंडांचा नियम निघाला. कोणतीही जागा तीन तोंडांना विचारायची. एक गुराखी, एक पाणी भरणारी बाई आणि एक जो तिथून ओझं घेऊन जातो तो. हिंडाफिरायला जाणाऱ्याचं तोंड मोजायचं नाही. तिन्ही तोंडं एक बोलली तर शाईनं लिहायचं. तोवर पेन्सिल.

पोरांना ते चालता चालता शिकवत, म्हणजे मोजणी नसेल तेव्हा. इंग्रजानं या जंगलाचा नकाशा काढला तो साग बाहेर न्यायला. लाकडाच्या वाटा त्यात बिनचूक आहेत. फौज आत न्यायची, डॉक्टर न्यायचा, मतपेटी न्यायची, त्या वाटा त्यात नाहीत, कारण ते न्यायचं त्याच्या मनातच नव्हतं. दुसऱ्याच्या नकाशावर राहणं म्हणजे भाड्यानं राहणं, असं त्यांचं एक वाक्य होतं. एका पोरानं विचारलं, हे काम फौजेचं नाही का, सर? मास्तर म्हणाले, "बंदूक कारखान्यात होते, शिपाई छावणीत होतो. त्यानं पाय कुठं टाकायचा ते विद्यापीठानं सांगायचं. तेवढं येत नसेल तर नुसतं पीठच बरं." सासूचा शब्द त्यांनी ठेवून घेतला होता.

त्या जुन्या नकाशावर आमच्यापासून आठ कोसांवर पडाव नावाचं गाव होतं. आम्हाला कुणाला ते माहीत नव्हतं. तीन तोंडांना विचारलं, तिघंही नाही म्हणाले. मास्तर तरी गेले. तिथं जुने खुंट आणि चुलीचे काळे दगड. जवळच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या गोंडानं उलगडा केला. त्याच्या आजाच्या वेळी लाकूडतोडे तिथं एक हिवाळा उतरले होते. साहेबानं विचारलं, हे काय? मजूर म्हणाले, पडाव. साहेबानं गाव म्हणून लिहून टाकलं. माझा नवरा चिडला, सोळा कोस फुकट गेले म्हणून. मास्तर मात्र लग्नाहून परतल्यासारखे खूश होते. "एक गाव कमी झालं, बाई," मला म्हणाले. पडावाला मीही खूप हसले. साहेब किती बावळट, एक शब्द समजला नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भामरागडच्या अंगाला गेलो. नदीचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच बोल लागायचा. तिथं सगळे माडिया. मराठी थोडी थोडी येणारे. मास्तर पोरांना घेऊन टेकडीवर गेले होते आणि चौकशी माझ्यावर सोपवली होती. मला एक गुराखी भेटला. मी विचारलं, इथं उतार आहे का? तो म्हणाला, आहे, आणि हातानं जागा दाखवली. घडा घेतलेली बाई भेटली. तीही म्हणाली, उतार आहे. मी जाऊन पाहिलं. काठ छान खाली गेलेला, गुरांच्या खुरांनी तुडवलेला. मी शाईनं लिहिलं, उतार.

ढिवराच्या घरी उतार म्हणजे पाण्यातली पायवाट, जिथून चालत पलीकडे जाता येतं. दुसरा अर्थ आमच्या जिभेला ठाऊकच नाही. त्या दोघांनी बाजारात ऐकलेला मराठी शब्द वापरला होता, आणि त्यांचा उतार म्हणजे काठाचा उतार. गुरं जिथं सुखानं खाली जाऊन पाणी पितात ती जागा. दोघंही खरं बोलले. खाली डोह होता. पलीकडच्या काठावर एकही खूर उमटलेला नव्हता. ते पाहायला भूगोल लागत नाही. ढिवराच्या पोरीनं पाहायला पाहिजे होतं. मी पाहिलं नाही. तिसऱ्या तोंडासाठी थांबलेही नाही, कारण पाण्याचं मला कुणी सांगायची गरज नाही असं मला वाटत होतं.

सकाळी मास्तरांनी वही मागून घेतली, वाचली, काहीतरी लिहिलं आणि परत दिली. मी ते पान उघडून पाहिलं नाही; पाण्याची मापं वहीच्या मागच्या पानांवर लिहायची असत. जवळ डोंगा नव्हता. माझा नवरा म्हणाला, खालच्या गावातून आणतो. मास्तर म्हणाले, डोंगा नसेल त्या दिवशीच उतार लागतो. दोर बांधला. ते स्वतः पुढे झाले. नेहमी माझा नवरा पुढे असायचा. त्या दिवशी त्यांनी त्याला मागे घेतलं. मला ते खटकलं, पण मी वही घेऊन काठावर बसले.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे. बांबूला तळ लागला नाही. दोर तुटला. पोरं एकमेकांना धरून डोहाकडे सरकली आणि मास्तर त्यांच्याही पुढे गेले. माझ्या नवऱ्यासमोर एका अंगाला चार पोरं होती आणि दुसऱ्या अंगाला मास्तर. मास्तरांनी पाण्यातून पंजा वर केला. माझा नवरा म्हणायचा, तो पंजा त्याच्यासाठी होता. थांब, इकडे येऊ नको, पोरं बघ. मी त्याच्याशी यावरून कधी भांडले नाही. पण बुडणारा माणूस हात वरच करतो. मला हात दिसला. अर्थ दिसला नाही.

त्यानं दोन पोरं ओढली. मी एकाला केसांना धरून काढलं, तोच तो हट्टी लिहिणारा. चौथा मुळीला लटकून राहिला होता, त्याला दोघांनी मिळून काठावर घेतलं. मग आम्ही दोघं डोहात बुड्या मारत राहिलो, सूर्य कलेपर्यंत. मास्तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या कोसावर सापडले. कोटाचे दोन्ही खिसे खड्यांनी भरलेले होते.

बैलगाडीत माझा नवरा मला हळूच म्हणाला, "फौजदार विचारीन त मास्तरानंच जागा दाखवली म्हण. मेलेल्या माणसाले काय होते?" फौजदारानं विचारलं, इथं उतार आहे असं कोणी सांगितलं? मी म्हटलं, "मी लिवलं." तो लेखणी थांबवून म्हणाला, "तुले लिवता येते?" माणूस बुडाला यापेक्षा त्याला त्याचंच जास्त नवल वाटलं.

विद्यापीठातून एक मोठे गृहस्थ आले. पांढरे केस, कमी बोलणारे. मला वाटलं, आता हे काम बंद करणार. बंद झालं असतं तर मी मोडलेलं कुणीच जोडलं नसतं. दोन वर्षांच्या वह्या, शंभरावर जागा, सगळं ट्रंकेत गेलं असतं आणि इंग्रजाचा कागद पुन्हा भिंतीवर चढला असता. त्यांनी वही मागितली. ते पान काढलं. माझी शाईची ओळ होती: उतार, गुराखी, पाणी भरणारी बाई. तिच्याखाली मास्तरांच्या हातची पेन्सिल: "दोनच तोंडं. तिसरं मी."

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, नवऱ्याला मागे घेऊन ते पुढे का झाले ते. लोक म्हणतात, मास्तरांनी तुला माफ केलं. माफी कुठं लिहिली आहे तिथं? माझी चूक असू शकते एवढं त्यांना दिसलं होतं, आणि ती पाहायला ते स्वतः गेले. मला आधी का विचारलं नाही याचा राग मला आजही आहे. विचारलं असतं तर मी कदाचित पलीकडचा काठ पाहिला असता. कदाचित त्यांच्याशी भांडलेही असते, की ढिवराच्या पोरीला उतार शिकवता का.

ते गृहस्थ म्हणाले, काम चालू राहील. पुढे तुम्ही लिहाल का, बाई?

मी म्हटलं, "लिहीन. मले पोहता येते. पुढच्या मास्तराले येते का, ते पाहून धाडा."

पुढच्या दिवाळीला नवे मास्तर आले. त्यांना पोहता येत होतं. चारही पोरं आली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. वहीतून उतार हा शब्द आम्ही काढून टाकला. काठ असेल तर ढाळ लिहायचं आणि चालत जाता येत असेल तर पायउतार, आणि शेजारी पाणी कुठवर तेही. तीन तोंडांशिवाय शाई नाही. त्या सबंध हिवाळ्यात मी दौत उघडली ती अकरा वेळा. विद्यापीठानं तो नकाशा छापला. पुढच्या निवडणुकीत मतपेट्या आमच्या पायउतारांनी आत गेल्या आणि एकही भिजली नाही. ज्या जागी मी चुकले तिथं त्या नकाशावर डोह असं लिहिलं आहे. ते मी छापायच्या आधी स्वतः तपासून दिलं.

त्या चौघांतला एक फौजेत गेला, नकाशांच्या कामावर. बर्फाच्या मुलखातून त्यानं मला एक पत्र धाडलं होतं. तिथंही मेंढपाळ, पाणी आणणारी बाई आणि ओझंवाला, अशी तिघांची तोंडं घेतो म्हणून. बोली येत नाही, म्हणून एकच शब्द प्रत्येकाकडून हातवारे करून घेतो. पत्रात हेटी हा शब्द बरोबर लिहिला होता.

शाळेतले मास्तर कधीमधी पोरांना घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, खडेमास्तर देशासाठी मेले, असं म्हणता येईल का? मी सांगते, पोहता न येणारा माणूस खोल पाण्यात गेला म्हणून मेला. देशासाठी ते जगले, दोन हिवाळे माझ्या डोळ्यांसमोर, शंभर पावलांना एक खडा टाकत. त्यांना त्याचाच हिशेब विचारा. मग कुणीतरी विचारतंच, त्या दिवशी नेमकं काय झालं.

त्या दिवशी पाण्यात आम्ही सात जण होतो. चार पोरं जगली. माझा नवरा जगला. मी जगले.